एचएमटीच्या लेथनंतर काय? गाळ्यात व्हीएमसी घ्यायचीय आणि बाबांच्या एका प्रश्नाचं उत्तर हवंय

वागळे_गाळावाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सवडीने वाचा.

आमचा ठाण्याला वागळे इस्टेटमधे छोटा गाळा आहे, जॉबवर्क करतो, पंपाचे शाफ्ट, बुश, व्हॉल्व्हचे पार्ट वगैरे. बाबा लालबागला एका मिलच्या मेकॅनिक खात्यात टर्नर होते, ८२ च्या संपात नोकरी गेली, मग पाच वर्षं दुसऱ्यांच्या गाळ्यांत हँडल फिरवलं आणि ८७ मधे एका बंद पडलेल्या मिलच्या लिलावातून एचएमटीचा एनएच २२ लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापणारं मशीन) उचलला. त्यात आईच्या पाटल्या गेल्या. तो लेथ आजही चालू आहे, परवाच ३०० मिमी लांबीचा जॉब काढून डायल लावून बघितला, टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळतं होणं, मिलिमीटरच्या दोन शतांशाच्या आत. बाबा आता ७० च्या वर आहेत पण सकाळी आल्यावर पहिलं बेडवर तेल टाकतात, मग चहा.

आता गिऱ्हाइकांना प्रत्येक पार्ट सारखा हवाय आणि लवकर हवाय म्हणून एक छोटी व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन, घ्यायची ठरवलंय. तीन पर्याय आहेत. बंगळूरची नवी, तैवानची नवी, आणि भिवंडीत एका डीलरकडे पडलेली वापरलेली जपानी. बंगळूरच्या कोटेशनमधे पार्टची यादी होती ती बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचली: कंट्रोलर (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) जपानी, लिनिअर गाईड (टेबल सरकायचे रूळ) तैवानचे, बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा स्क्रू) तैवानचा, स्पिंडलची (टूल फिरवणाऱ्या दांड्याची) बेअरिंग जपानी, टूल चेंजरही बाहेरचा. कास्टिंग, पत्रा आणि जोडणी आपली. कागद खाली ठेवून म्हणाले, "मग ह्यात आपलं काय रे?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या तरुणपणी अख्खा लेथ इथे बनत होता ना? मग मधे असं काय झालं? कोणती मशीन घ्यावी हे तर सांगाच पण हे आधी सांगा, कारण बाबा रोज विचारतायत.

फिटर_काका_परळ

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी ३६ वर्षं टूलरूममधे काढली, आता घरी आहे, त्यामुळे त्यांचं दुखणं मला समजतं. पण एक गोष्ट आधी दुरुस्त करतो, त्यांना वाईट वाटू देऊ नका. तो लेथसुद्धा पहिल्यापासून अख्खा आपला नव्हता.

एचएमटी, म्हणजे सरकारी हिंदुस्तान मशीन टूल्स, निघाली १९५३ ला, बंगळूरला जलहळ्ळीला, आणि करार होता स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनशी. ड्रॉइंग त्यांची, पद्धत त्यांची, आपली माणसं शिकत गेली. आणि शिकली हो, खरंच शिकली, स्क्रेपिंग कसं करायचे ते बघायला पाहिजे होतं, सरफेस प्लेटला निळं लावून बेड घासायचा आणि एका इंचाच्या चौकोनात किती टिपके उठतात ते मोजायचं, कमी असतील तर परत खरवडायचं. तुमच्या बाबांच्या लेथचा टेपर आज दोन शतांशाच्या आत आहे तो अशाच कोणा माणसाच्या खांद्यामुळे.

त्याच्याही आधीचं सांगतो कारण ते आपल्या मुंबईचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर व्हीजेटीआयमधे शिकवायचे, तेव्हा ती संस्था माटुंग्याला आलेली नव्हती. बढतीत डावललं म्हणून नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकली, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर, आणि १९१० ला औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. तिकडे साताऱ्याला कूपर होते, त्यांचेही नांगर आणि इंजिनं. लेथचं मोठं काम किर्लोस्करांनी केलं ते हरिहरला, १९४१ ला म्हैसूर किर्लोस्कर काढून. महायुद्ध चालू, इंग्लंडहून मशीन येईना, दारूगोळ्याच्या कारखान्यांना तर रोज पाहिजे. म्हणजे बघा, आपल्याकडे लेथ बनायला लागले ते गरज दारात येऊन उभी राहिली तेव्हा. पुढे त्यांचा टर्नमास्टर आला तो मी स्वतः ११ वर्षं चालवलाय, गिअर बदलताना जो आवाज यायचा तो अजून कानात आहे.

मग काय झालं म्हणता? माझं मत सांगतो. ६६-६७ ची मंदी आली, पंचवार्षिक योजनाच थांबली, सरकारी कारखान्यांनी मशीनं घेणं बंद केलं. एचएमटीचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः तेच. तेव्हा कामगार जगवायला त्यांनी दुसरं-तिसरं धरलं. घड्याळं तर १९६१ पासून सिटिझनबरोबर होतीच, ७१ ला झेटरचे ट्रॅक्टर आले, मग छपाईची मशीनं, दिवे. घड्याळ इतकं गाजलं की लोक विसरलेच मूळ कंपनी कशाची होती, प्रत्येक लग्नात जावयाला एचएमटी. पण मशीनचं डोकं ज्या माणसांकडे होतं त्यांच्याकडे बघायला वेळ कोणाला राहिला? २०१६ मधे सरकारने घड्याळं आणि ट्रॅक्टर दोन्ही बंद करायचं ठरवलं. मशीन टूलची कंपनी अजून आहे. पण जी वर्षं गेली ती गेली, आणि नेमक्या त्याच वर्षांत जगात मशीनला मेंदू लागला.

डोंबिवली_फास्ट_लोकल

वाचतोय. फार छान लिहिताय काका, थांबू नका.

प्रभादेवीकर

काकांनी शेवटी मेंदूचं म्हटलंय तिथूनच पुढे लिहितो, मी इंजिनिअर नाही, बँकेत आहे, पण कारखान्यांना कर्ज देता देता हा विषय डोक्यात शिरलाय.

एनसी, म्हणजे हाताने हँडल न फिरवता आकड्यांच्या हुकुमावर मशीन चालवणं, जन्मली अमेरिकेत. त्याला कॉम्प्युटर जोडला की सीएनसी. जॉन पार्सन्सची कल्पना, हवाई दलाचा पैसा, आणि १९५२ मधे एमआयटीने मिलिंग मशीन चालवून दाखवलं. आता गिऱ्हाईक हवाई दल असल्यावर काय होणार, विमानाचे अवघड पार्ट निघाले पाहिजेत, पैशाची काळजी नको. मशीन भारी होत गेलं, पण वागळे इस्टेटमधल्यासारख्या माणसाला परवडेल असं काही निघालं नाही.

जपानने उलट केलं. १९५६ ला त्यांनी यंत्र उद्योगासाठी खास कायदा केला, जुनी मशीनं बदलायला स्वस्त कर्ज दिलं. फुजित्सूने कंट्रोलर बनवायला घेतला आणि १९७२ ला तो धंदा वेगळा काढला, तीच फानुक. महत्त्वाची गोष्ट अशी की फानुकने कंट्रोलर एकाच मशीनवाल्याला नाही, सगळ्यांना विकला. त्यामुळे तो भरपूर संख्येने बनला, भरपूर बनला म्हणून स्वस्त झाला, आणि ऑपरेटर एकदा शिकला की कुठल्याही मशीनवर उभा राहू शकला. टोकियोच्या ओता भागात आपल्या साकीनाक्यासारखे गाळे आहेत, बाप-मुलगा-दोन कामगार, त्यांच्या आवाक्यात सीएनसी आली. १९८२ ला जपान अमेरिकेला मागे टाकून पहिला आला. अमेरिकेला इतकं झोंबलं की १९८६ मधे रेगन सरकारने जपान आणि तैवानकडून निर्यातीवर मर्यादा घालून घेतली. तरी काही वाचलं नाही, सिनसिनाटी मिलाक्रॉनसारख्या जुन्या कंपनीने १९९८ ला मशीन टूलचा धंदाच विकून टाकला. जपानचा पहिला नंबर २००९ ला गेला तो चीनकडे.

हा नुसता धंद्याचा विषय नाही हे कळायला १९८७ चं प्रकरण आठवा. तोशिबा मशीनने लेनिनग्राडच्या गोदीला पाणबुडीचे पंखे कोरायची मशीनं विकली होती, कंट्रोलर नॉर्वेच्या काँग्सबर्गचा. पंखा अचूक झाला की पाणबुडीचा आवाज कमी होतो. ते बाहेर आल्यावर अमेरिकन खासदारांनी संसदेसमोर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. एका मिलिंग मशीनवरून दोन मित्रदेशांत एवढं वाजलं. ज्याच्याकडे ही विद्या आहे तो दुसऱ्याला देताना दहादा विचार करतो, म्हणून आपली असावी लागते, माझं म्हणणं एवढंच.

आपण त्या काळात काय करत होतो? लायसन्स होतं, बाहेरच्या मालावर मोठी ड्यूटी होती, त्यामुळे बनवलेलं विकलं जात होतं. गिऱ्हाईक नाक मुरडून का होईना तेच घेणार हे माहीत असल्यावर नवा कंट्रोलर बनवायची घाई कोणाला? संरक्षण जपानलाही होतं पण तिथे आतल्या आतच कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या होत्या. आपल्याकडे ९१ ला दार उघडलं तेव्हा कोणाचीच सवय नव्हती.

नागदेवी_कटिंग_टूल्स

प्रभादेवीकर, अर्धं पटलं अर्धं नाही पटलं. मी तीस वर्षं नागदेवी स्ट्रीटवर टॅप, ड्रिल, इन्सर्ट (टूलची बदलायची कापणारी टोकं) विकतोय, ९१ नंतरची सगळी पडझड दुकानाच्या ओट्यावरून बघितलीय. सवय नव्हती म्हणून सगळे मेले असं नाही. मेले ते मोठे. छोटे कितीतरी उभे राहिले.

राजकोटचं बघा. पूर्वी राजकोट, बटाला, लुधियाना म्हटलं की हलका लेथ, आयटीआयमधे आणि ग्रिलच्या दुकानात लागणारा. त्याच राजकोटमधे १९८९ ला ज्योती सुरू झाली आणि २००७ ला त्यांनी फ्रान्सची ह्यूरॉन विकत घेतली. २०२४ ला त्यांचा शेअर बाजारात आला. कोइम्बतूरला सूतगिरणीची यंत्रं बनवणाऱ्या एलएमडब्ल्यूने सीएनसी काढली. बंगळूरला एस डिझायनर्स १९७९ ची. आज माझं निम्मं गिऱ्हाईक ह्याच लोकांच्या मशीनवर काम करतं आणि इन्सर्ट खाण्याचा हिशोब बघितला तर वाईट नाहीत मशीनं, हे मी इन्सर्ट विकणारा सांगतोय. देशात लागणारी साधारण निम्मी मशीनं अजून बाहेरून येतात हे खरं आहे. पण निम्मी इथली आहेत हेही खरं आहे ना, आणि ती उघड्या बाजारात लढून विकली जातायत, लायसन्सच्या आडोशाने नाही.

गाळावाले, तुमच्यासाठी एकच सांगणं. वापरलेल्या जपानीच्या नादी लागताना सांभाळा. मशीन दणकट असेल, पण कंट्रोलर वीस वर्षं जुना असला की त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड मिळत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने असंच घेतलं, कंपनीचं नाव घेत नाही, सर्वो ड्राइव्ह (मोटर चालवणारा भाग) उडाला आणि मशीन २३ दिवस उभी, हप्ता मात्र चालूच. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मशीन किती चांगली ह्याच्याआधी विचारा की सर्व्हिसवाला किती तासात येतो आणि पार्ट कुठल्या गोडाऊनमधे आहेत.

आणि हप्त्यावरून आठवलं. कोणी कितीही इतिहास सांगू दे, छोट्या माणसाला नवी मशीन घेता येत नाही ह्याचं मोठं कारण वेळेवर न मिळणारे पैसे. छोट्यांची बिलं ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६ पासून आहे, आता इन्कमटॅक्सवाल्यांनीही तो लावलाय, तरी नव्वद-नव्वद दिवस बिलं लटकतात. गाळेवाल्याने मशीन घेतली नाही तर बंगळूरवाला कोणाला विकणार? जपानमधे स्वस्त कर्ज होतं असं तुम्हीच लिहिलंत, मग खरा फरक तिथेच आहे.

सुमेधा_टूलरूम

मी काल लोकलमधे वाचलं आणि तेव्हापासून बाबांचा प्रश्न डोक्यात आहे. मी डायमेकिंग शिकले, आता रबाळ्याला मशिनिंगचं बघते, पाच व्हीएमसी आहेत, दोन इथल्या तीन बाहेरच्या. "ह्यात आपलं काय" ह्याचं उत्तर मी देऊन बघते.

लिनिअर गाईड तैवानचा आहे, मान्य. पण तो रूळ ज्या कास्टिंगवर बोल्टने आवळतात ती पृष्ठं सरळ नसतील तर रूळही वाकडाच बसतो. तो सरळपणा तैवानहून येत नाही. कास्टिंग ओतल्यावर आतला ताण काढावा लागतो, नाहीतर वर्षभरात बेड हळूच पिळतो, मग तुम्ही कितीही भारी स्क्रू लावा. बेडला आत रिब कुठे द्यायच्या, कॉलम किती जाड, स्पिंडल गरम झाल्यावर डोकं कुठल्या दिशेला सरकणार, हे सगळं डिझाईन करणाऱ्याच्या डोक्यातलं. फिटर काकांचं स्क्रेपिंग अजून मेलेलं नाही, चांगल्या कारखान्यात कॉलम आणि बेडच्या जोडावर आजही माणूस निळं लावून घासतो.

उष्णतेचं तर मुंबईकराला वेगळं सांगायला नको. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं. सकाळी आठला गाळ्यात २६ आणि दुपारी पत्र्याखाली ३६ झालं की अर्ध्या मीटरचा बॉलस्क्रू ६० मायक्रॉनच्या आसपास लांबला. तुमच्या व्हॉल्व्हच्या पार्टला वीस मायक्रॉनची मर्यादा असेल तर सगळा लॉट गेला. आमच्याकडे एप्रिल-मे मधे दुपारच्या पार्टचा निकाल सकाळपेक्षा वेगळा यायचा, आम्ही ऑपरेटरला बोलत बसलो बिचाऱ्याला, आणि दोष होता छताचा. ह्यातलं किती मशीन स्वतः सांभाळते हे ती बनवणाऱ्याने किती विचार केलाय त्यावर आहे.

आता बाहेरून पार्ट घेण्याबद्दल. युरोपातल्या कितीतरी नामवंत मशीनवरही कंट्रोलर सीमेन्सचा, हायडेनहाइनचा किंवा फानुकचाच असतो, बेअरिंगही विकतचीच. तैवानमधे ताइचुंगच्या आसपास इतके पार्टवाले आहेत की मशीनवाला तासाभराच्या अंतरात सगळं गोळा करतो, तिथली हायविन १९८९ ची, आज जगभर तिचे स्क्रू आणि गाईड जातात. म्हणजे विकत घेणं हा कमीपणा नाही. आपली खरी तूट अशी आहे की हे पार्ट जगाला पुरवणारा आपल्यात कोणी नाही. बॉलस्क्रूचा आटा ग्राइंड करायला वेगळी मशीनं लागतात, स्वच्छ पोलाद लागतं, आणि ते परवडायला लाखांनी नग खपावे लागतात. इथे मशीनं कमी विकली जातात म्हणून स्क्रूचा मोठा कारखाना उभा राहत नाही, कारखाना नाही म्हणून मशीनवाला बाहेर जातो, आणि प्रत्येक मशीनमागे किमतीचा मोठा भाग बाहेर जातो. नागदेवीवाले दादा बिलांचं म्हणाले ते ह्याच साखळीतलं आहे, मला ते पटलं.

कंट्रोलरचं दुखणं जास्त खोल आहे. जपानची ओकुमा स्वतःचा कंट्रोलर बनवते, म्हणून तिला स्पिंडलच्या उष्णतेचा हिशोब थेट आत घालता येतो. दुसऱ्याचा कंट्रोलर घेतला की त्याने जेवढी दारं उघडी ठेवलीत तेवढंच तुम्ही करू शकता. बंगळूरची सीएमटीआय ही मशीन टूलवर संशोधन करणारी सरकारी संस्था १९६२ पासून ह्याच कामासाठी आहे, चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने सुरू झालेली, आयआयटी मद्रासमधेही काम चालू आहे. माणसं आहेत हो आपल्याकडे. पुण्यात टेल्कोने, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीने, तिचे प्रमुख मूळगावकर ह्यांच्या काळात स्वतःच्या ट्रकसाठी लागणारी मशीनं स्वतः बनवली, कारण बाहेरून मागवत बसलो तर आपली माणसं कधी शिकणार हा त्यांचा हट्ट होता. तो हट्ट मला आज कमी दिसतो, आणि त्याचंच मला खरं वाईट वाटतं.

तर बाबांना असं सांगा. मशीन आपली की परकी हे यादीवरून ठरवू नका. विकणाऱ्याला विचारा, स्पिंडल कोणी डिझाईन केला? मला माझ्या पार्टसाठी काही बदल हवा असेल तर ड्रॉइंग बदलायची परवानगी तुमच्या इथल्या माणसाला आहे का, की बाहेर मेल पाठवावा लागतो? इथला माणूस "थांबा, मी बघतो" म्हणून पेन्सिल उचलत असेल तर ती मशीन आपली. एस डिझायनर्सची सुरुवात नावाप्रमाणेच डिझाईनच्या कामापासून झाली, हे त्यातलंच.

घेताना: तुमचाच पार्ट, तुमचंच मटेरियल घेऊन जा आणि तीस नग सलग काढून मागा, पहिला आणि तिसावा दोन्ही मोजा. गाळ्यात बसवल्यावर बॉलबार (मशीन खरंच गोल फिरते का ते मोजायचं साधन) लावून गोलाईचा रिपोर्ट घ्या, कागदावर. फाउंडेशनचा खर्च आधीच धरा. आणि छताला इन्सुलेशन करा, मशीन कुठलीही घ्या.

फिटर_काका_परळ

सुमेधाताई, पेन्सिलीचं फार मनातलं बोललात. आमचे फोरमन ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने खूण करायचे आणि खाली सही करायचे, मग ते ड्रॉइंग आमचं झालं असं आम्ही मानायचो, मूळ कोणाचंही असो.

वागळे_गाळावाला

मंडळी, काय बोलू. रात्री जेवताना बाबांना सगळं वाचून दाखवलं. ओर्लिकॉनचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "मिलमधली सगळी मशीनरी पण साहेबाचीच होती, पण तिचे गिअर आम्ही तिथेच कापायचो, नवे दात आम्हीच बसवायचो." सुमेधाताईंचा मुद्दा त्यांना लगेच कळला, माझ्यापेक्षा लवकर.

भिवंडीची जपानी सोडली, नागदेवीवाल्या दादांनी विचारायला सांगितलं तसं कंट्रोलरचं वर्ष विचारलं तर डीलर विषयच बदलायला लागला. बंगळूरला फोन केला आणि स्पिंडलचं विचारलं. सेल्सवाल्याला सांगता येईना, पण तासाभराने त्यांच्या डिझाईनमधल्या एका मॅडमचा उलटा फोन आला, आमच्या व्हॉल्व्ह बॉडीचं ड्रॉइंग मागवलं आणि फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवायची चौकट) टेबलावर आडवं ठेवायच्याऐवजी उभं ठेवलं तर एक सेटिंग वाचेल असं सुचवलं. तैवानवाल्यांच्या इथल्या एजंटने फक्त डिस्काउंट वाढवला. पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन बंगळूरला जातोय, तीस नग कापायला बार इथूनच नेणार. हप्ता कसा बसतो ते प्रभादेवीकर, तुम्हाला वेगळा मेसेज करतो.

छताचं काम ह्या आठवड्यात चालू केलं.

फिटर_काका_परळ

जाण्याआधी मला एकदा बोलवा. मशीन जिथे बसणार ती जमीन बघतो, शेजारी प्रेस चालत असेल तर हादरे येतील, जागा बदलावी लागेल. माझी स्पिरिट लेव्हल अजून आहे, मीटरला ०.०२ मिमीचा फरक दाखवणारी, निवृत्तीच्या दिवशी मित्रांनी दिलेली, घेऊन येतो. शनिवारी चालेल का? ठाण्याला उतरून रोड नंबर २२ ची रिक्षा करतो. आणि तुमच्या बाबांचा एनएच २२ पण बघायचाय, हेडस्टॉकचं झाकण उघडायला सांगा त्यांना.